ज्युरी सुटली, म्हणजे आरोपी सुटला का?

वाचकांचे प्रश्न : फौजदारी खटल्यातील ज्युरीची बरखास्ती आणि तहकुबीचे अर्ज

मागच्या अंकात सत्र न्यायालयातील ‘तारखां’विषयी ओझरते लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे व खटल्यांचे क्रमांक मुद्दाम गाळले आहेत.

विलेपार्ले येथील एक वाचक लिहितात : माझा भाचा लंडनजवळ नोकरी करतो. त्याला ज्युरीचे समन्स आले. तीन आठवडे खटला ऐकल्यावर न्यायाधीशांनी बाराही जणांना ‘डिस्चार्ज’ केले, एवढे त्याने फोनवर सांगितले आणि ‘मामा, यापुढचे विचारू नका’ म्हणून विषय बदलला. म्हणजे आरोपी सुटला का? आणि भाचा आमच्यापासून काय लपवतो आहे?

उत्तर : आरोपी सुटलेला नाही, आणि भाचा लपवत आहे ते कायद्याला धरूनच आहे. घोटाळा ‘डिस्चार्ज’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘आरोपीला डिस्चार्ज’ असे छापून येते, तेव्हा त्याचा अर्थ दोषारोप ठेवण्याइतकाही आधार नसल्याने आरोपीला दोषमुक्त केले, असा असतो. ज्युरीला डिस्चार्ज करणे म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल देण्यासाठी शपथ घेऊन बसलेल्या त्या बारा नागरिकांना त्यांच्या कामातून मोकळे करणे. कौल देऊन झाल्यावरही त्यांना मोकळे करतात आणि कौल न देताच अर्ध्यावरही करतात. तीन आठवड्यांनंतर, कौलाचा उल्लेख नसताना मोकळे केले असेल, तर दुसरा प्रकार झाला असे समजावे. तसे असेल तर आरोपीवरचा आरोप जागच्या जागी राहतो आणि बहुतेक वेळा नवी ज्युरी बसवून खटला पहिल्या साक्षीदारापासून पुन्हा चालतो.

असे का करावे लागते, हे समजण्यासाठी ज्युरीच्या खटल्यात पुरावा कोठे साठतो ते पाहावे लागते. तो ज्युररांच्या कानात आणि मनात साठतो. साक्षीदार बोलताना अडखळला, पाणी प्यायला, वकिलाकडे न पाहता खाली पाहत राहिला, हे सारे त्या बारा जणांनी पाहिलेले असते आणि कौल त्याच पाहण्याऐकण्यावर द्यायचा असतो. म्हणून एखादा ज्युरर आजारी पडला तर मध्येच तेरावा माणूस आणून बसवता येत नाही. इंग्लंडच्या कायद्यात त्यावर तोड म्हणून एक-दोन ज्युररांना वगळून उरलेल्यांवर खटला पुढे नेता येतो, मात्र संख्या नऊच्या खाली जाता कामा नये.

संपूर्ण ज्युरी मोकळी करण्याचा अर्ज वेगळ्या कारणांनी येतो. समजा, एखादा पोलीस साक्षीदार उत्तर देता देता बोलून गेला की, आरोपी यापूर्वीही अशाच गुन्ह्यात तुरुंगात होता, आणि ही गोष्ट ज्युरीपुढे यायलाच नको होती. अशा वेळी वकील तेथेच आरडाओरडा करीत नाही, कारण त्याने ते वाक्य ज्युरीच्या मनात अधिकच ठसते. तो एवढेच म्हणतो की, कायद्याचा एक मुद्दा मांडायचा आहे. ज्युरीला आतल्या खोलीत पाठवतात आणि मग युक्तिवाद होतो. न्यायाधीशांपुढे तीन वाटा असतात : काहीच न बोलता पुढे जायचे, ‘हे वाक्य विचारात घेऊ नका’ अशी ज्युरीला समज द्यायची, किंवा सर्वांना मोकळे करायचे. कानावर पडलेले परत घेता येत नाही हे खरे, पण प्रत्येक चुकीला ज्युरी बरखास्त करू लागले तर एकही खटला तडीस जाणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून शेवटची वाट न्यायाधीश नाइलाजानेच धरतात. कोणी ज्युररांना फितवण्याचा किंवा धमकावण्याचा प्रयत्न केला असेल तर २००३ च्या कायद्याने आणखी एक मार्ग आहे : ज्युरी मोकळी करून न्यायाधीशाने एकट्यानेच खटला पुढे चालवायचा.

कधी ज्युरीचेच एकमत होत नाही. एका माजी ब्रिटिश मंत्र्याच्या घटस्फोटित पत्नीवर २०१३ साली लंडनच्या साउथवर्क न्यायालयात चाललेल्या खटल्यात ज्युरीने न्यायाधीशांना दहा लेखी प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता की, न्यायालयात ज्याचा पुरावाच आला नाही अशा कारणावरून कौल देता येईल काय? न्यायाधीशांनी उत्तरे दिली, पुन्हा विचार करायला सांगितले, आणि तरीही काही जमेना तेव्हा ती ज्युरी मोकळी केली. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या ज्युरीपुढे तोच खटला चालून आरोपी दोषी ठरल्या. दुसऱ्या ज्युरीचेही जमले नाही, तर तिकडे सरकार पक्ष सहसा तिसऱ्यांदा प्रयत्न करीत नाही. तो प्रघात आहे, कायद्याचे बंधन नव्हे.

अमेरिकेत हाच प्रश्न घटनेपर्यंत जातो. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा खटल्याच्या संकटात घालायचे नाही असे तेथील घटना सांगते, आणि ज्युरीने शपथ घेतली की ते संकट सुरू झाले असे मानतात. म्हणून आरोपीच्या इच्छेविरुद्ध ज्युरी मोडायची तर तशी उघड गरज असली पाहिजे, हा दंडक तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८२४ सालीच घालून दिला. बरखास्तीचा अर्ज स्वतः आरोपीनेच केला असेल, तर मात्र ‘मला दुसऱ्यांदा का उभे करता’ अशी तक्रार त्याला सहसा करता येत नाही. सरकारी वकिलाने मुद्दाम डिवचून त्याला तो अर्ज करायला भाग पाडले असेल, एवढाच अपवाद.

आता भाच्याविषयी. ज्युरीच्या खोलीत कोण काय बोलले, मत कोणी कसे दिले, हे बाहेर सांगणे इंग्लंडमध्ये गुन्हा आहे आणि घरच्या माणसांनाही त्यातून सूट नाही. खटला चालू असताना त्याविषयी इंटरनेटवर शोधाशोध करणे हाही गुन्हाच आहे. २०११ मध्ये मँचेस्टरच्या एका खटल्यातील स्त्री ज्युररने सुटलेल्या एका आरोपीशी फेसबुकवर संपर्क साधला. तिला आठ महिन्यांची कैद झाली. तेव्हा मामांनी आग्रह न धरलेला बरा.

गिरगावातील एक ज्येष्ठ वाचक विचारतात : आमच्या कट्ट्यावर एकजण ठासून सांगतात की, नानावटी खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरी बरखास्त केली आणि तेव्हापासून भारतातली ज्युरी गेली. हे खरे आहे का?

उत्तर : या विधानाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत, पण ते इतक्या वेळा छापून आले आहेत की, कट्ट्याला दोष देता येणार नाही.

१९५९ च्या त्या खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदलातील कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले. म्हणजे ज्युरीने आपले काम पूर्ण केले होते. सत्र न्यायाधीश मेहता यांना तो कौल पटला नाही. कोणाही समंजस माणसांना या पुराव्यावर असा कौल देता येणार नाही असे त्यांचे मत पडले, म्हणून १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या साऱ्यात ‘बरखास्ती’ कोठेच नाही.

गोंधळ होण्याचे कारण बहुधा असे असावे की, त्याच संहितेत बरखास्तीचे नियमही होते, फक्त ते दुसऱ्या प्रसंगांचे होते. एखादा ज्युरर शेवटपर्यंत हजर राहू शकत नसेल, किंवा साक्षीची भाषाच त्याला कळत नाही असे उघडकीस आले, तर नवा ज्युरर घ्यायचा किंवा सगळी ज्युरी मोडून नवी निवडायची, आणि दोन्ही बाबतीत खटला मुळापासून चालवायचा, असे कलम २८२ सांगत होते. (भाषेची ही अट वाचताना जुन्या मुंबईचे न्यायालय डोळ्यापुढे उभे राहते : साक्ष मराठीत, भाषांतर इंग्रजीत, आणि ज्युररांमध्ये इंग्रज, पारशी, गुजराती.) आरोपी पिंजऱ्यात उभा राहण्यास असमर्थ झाला तरी ज्युरी मोकळी करता येत असे. आणि थेट उच्च न्यायालयात चालणाऱ्या खटल्यात ज्युरीच्या कौलाशी न्यायाधीश असहमत झाले, तर त्यांनी ज्युरीला तेथल्या तेथे मोकळे करायचे असा नियम होता. नऊपैकी सहा जणांचे एकमत आणि न्यायाधीशांची संमती, एवढ्यावर तेथे कौल पक्का होई. लोकमान्य टिळकांविरुद्ध १८९७ साली पडलेला कौल नेमका सहा विरुद्ध तीन होता. १९०८ साली तो सात विरुद्ध दोन होता आणि न्यायमूर्ती दावरांनी तो मान्य केला.

ज्युरी बंद करावी ही शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या अहवालातच केली होती, म्हणजे नानावटींच्या पिस्तुलातून गोळी सुटण्याच्याही आधी. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत फौजदारी खटल्यांत ज्युरीला जागाच उरली नाही. नानावटी खटल्याने लोकमत तापले हे खरे, परंतु एका खटल्याने पद्धत गेली असे म्हणणे कथेला शोभते, इतिहासाला नाही.

भांडुप येथील एक वाचक लिहितात : २०२० साली आमच्या चाळीत झालेल्या जीवघेण्या हल्ल्याचा मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे. २०२२ मध्ये दोषारोप ठेवले गेले. समन्स आले म्हणून चार वेळा पगार बुडवून कोर्टात गेलो. एकदा आरोपीला तुरुंगातून आणले नाही, एकदा न्यायाधीश रजेवर, आणि दोनदा आरोपीच्या वकिलांनी अर्ज दिला. चारही वेळा ‘तारीख पडली’ एवढेच ऐकून परत आलो. कायद्यात याला काही मर्यादा आहे की नाही?

उत्तर : आहे, आणि ती ऐकून आपला राग वाढण्याचाच संभव आहे.

तत्त्व असे की, खटला सुरू झाला की हजर साक्षीदार तपासून होईपर्यंत तो रोजच्या रोज चालला पाहिजे. पुढच्या दिवसाच्या पलीकडे तहकूब करायचा तर कारणे लिहून ठेवावी लागतात. साक्षीदार न्यायालयात आलेला असेल तर त्याची साक्ष न घेता तहकुबी देऊ नये, अपवाद फक्त लेखी नोंदवलेल्या विशेष कारणांचा. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत हे तहकुबीचे कारणच होऊ शकत नाही, ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीने आली. साक्षीदार हजर आहे आणि वकील गैरहजर आहे किंवा तयारीत नाही, तर न्यायाधीश साक्ष नोंदवून घेऊन सरतपासणी (साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न) किंवा उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) वगळूनही टाकू शकतात. तहकुबी मागणाऱ्यावर खर्च बसवता येतो.

आता एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. हे नियम १९७४ पासून लागू असलेल्या, आता जुन्या झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०९ मध्ये होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्ये आले आहेत. नव्या कलमात भर अशी की, परिस्थिती पक्षकाराच्या आवाक्याबाहेरची असली तरी, दुसऱ्या बाजूची हरकत ऐकून आणि कारणे लिहून, दोनपेक्षा अधिक तहकुब्या देता येत नाहीत. परंतु त्या तारखेपूर्वी चालू असलेले खटले जुन्या संहितेनेच चालतात. आपला खटला २०२२ पासून दोषारोपानंतरच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे ‘दोनच तहकुब्या’ हे बोट दाखवून आपल्याला भांडता येणार नाही. बाकीचे सर्व नियम मात्र जुन्या कलमातही होतेच.

मग असे का होते? पार्ल्याच्या भाच्याच्या पत्राचे उत्तर देताना जे लिहिले त्याची ही दुसरी बाजू आहे. तिकडे पुरावा बारा माणसांच्या मनात असतो, म्हणून खटला मध्येच चार महिने थांबवला तर पुरावाच विरून जाईल, ही भीती न्यायाधीशांच्या डोक्यावर सतत असते. आपल्याकडे पुरावा कागदावर असतो. साक्ष टंकलिखित होते, तिला निशाणी पडते, ती फायलीत जाते. न्यायाधीशांची बदली झाली तरी नवे न्यायाधीश आधी नोंदवलेल्या साक्षीवरून पुढे जाऊ शकतात. फाईल कपाटात वर्षभर राहिली तरी तिला काही होत नाही, म्हणून तहकुबी देणाऱ्याला ती फुकटची वाटते. साक्षीदाराची स्मृती मात्र फायलीत ठेवलेली नसते. २०१५ च्या पंजाबातील एका प्रकरणात सरतपासणी झालेल्या साक्षीदाराची उलटतपासणी तब्बल एक वर्ष आठ महिन्यांनी झाली आणि तोवर तो उलटला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तीव्र शब्दांत खंत नोंदवली.

येथे मला स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका सत्र खटल्यात मी बचावाच्या बाजूने कनिष्ठ वकील होतो. जप्ती पंचनाम्याचे एक पंच तोवर कोकणात गावी राहायला गेले होते आणि रात्रीच्या एसटीने येत. समन्सचा कागद त्यांनी दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असे. तिसऱ्या खेपेला आमचे ज्येष्ठ वकील उच्च न्यायालयात अडकले, आणि लेजर कागदावर पाच ओळींचा मुदतीचा अर्ज मीच लिहिला. सरकारी वकिलांनी खाली ‘हरकत नाही’ असे म्हणणे दिले, न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला, चार मिनिटांत सारे आटोपले. बाहेर बाकावर बसलेल्या त्या गृहस्थांनी तिकीट काढून मला विचारले, ‘साहेब, हे कुठं द्यायचं?’ मी त्यांना शिरस्तेदारांकडे पाठवले. पुढच्या तारखेला ते आले नाहीत, त्यांच्यावर वॉरंट निघाले.

आपण काय करू शकता ते सांगतो. प्रत्येक तारखेला सकाळीच न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांना व सरकारी वकिलांना आपण आल्याचे सांगून रोजनाम्यात (खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) हजेरीची नोंद करून घ्यावी. ‘साक्षीदार हजर’ हे शब्द रोजनाम्यात असले की तहकुबी देताना कारण लिहिणे टाळता येत नाही. पगार बुडाल्याची आणि चार फेऱ्यांची माहिती लिहून ती सरकारी वकिलांकडे द्यावी आणि पुढच्या अर्जाला ‘हरकत नाही’ न लिहिता हरकत घ्यावी, अशी विनंती करावी. साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याची तरतूद आहे. भत्ता मागण्यात संकोच नको. पुढच्या वेळी वकिलांच्या गैरहजेरीचा अर्ज आला, तर उभे राहून नम्रपणे न्यायाधीशांना सांगावे की, मी पाचव्यांदा आलो आहे. साक्षीदाराने असे बोलू नये असा कोणताही नियम नाही. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पथक मिळाले नाही, या कारणापुढे मात्र आपणच काय, न्यायाधीशही पुष्कळदा हतबल असतात.

कुर्ला येथील एक वाचक भगिनी लिहितात : माझा भाऊ आरोपी आहे. आमच्या वकिलांना बरे नव्हते म्हणून कनिष्ठांनी तहकुबी मागितली. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळून ‘उलटतपासणी नाही’ असे लिहून साक्षीदाराला सोडून दिले. आता भावाचे काय?

उत्तर : ताई, दार बंद झालेले नाही. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज करता येतो (जुन्या संहितेत कलम ३११, नव्या संहितेत ३४८) आणि न्याय्य निर्णयासाठी ती साक्ष आवश्यक वाटल्यास न्यायालय कोणत्याही टप्प्यावर बोलावू शकते. अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे, कोणते प्रश्न विचारायचे राहिले याचा रोख सांगावा, आणि साक्षीदाराचा येण्याजाण्याचा खर्च भरण्याची तयारी दाखवावी. अर्ज आजच करावा. दोन महिन्यांनी केलेल्या अर्जाकडे न्यायालय संशयाने पाहते. नुसते ‘वकील बदलले, नव्यांना पुन्हा विचारायचे आहे’ एवढे कारण पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील टॅक्सीचालकाच्या बलात्कार प्रकरणात २०१५ साली स्पष्ट केले आहे.

वरच्या उत्तरात तहकुबीवर एवढे ताशेरे ओढल्यावर हेही लिहिले पाहिजे की, घाईनेही अन्याय होतो. मध्य प्रदेशातील एका खटल्यात आरोपीसाठी नेमलेल्या वकिलाला तयारीला एक दिवसही न देता दोषारोप ठेवले गेले आणि जेमतेम दोन आठवड्यांत फाशी सुनावली गेली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले, आणि अशा खटल्यांत नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस द्यावेत असे बजावले. दोषारोपपत्राच्या प्रती मिळालेल्या नाहीत, ज्या सीसीटीव्ही चित्रणावर खटला उभा आहे ते बचावाला दाखवलेलेच नाही, अशा कारणांनी मागितलेली तहकुबी हा आरोपीचा हक्कच समजावा.

चेंबूर येथील वाचकांचा प्रश्न : दोषमुक्तीचा अर्ज कधी करायचा?

उत्तर : सत्र न्यायालयाच्या खटल्यात, नव्या संहितेप्रमाणे, प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत. दोषारोप ठेवले गेल्यावर हा मार्ग बंद होतो. त्यानंतर सुटका व्हायची ती निर्दोष म्हणूनच.

दादर येथील एक वाचक विचारतात : आमच्या पारशी शेजाऱ्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यात ‘ज्युरी’ बसली होती असे ते म्हणतात. मग ज्युरी पूर्णपणे गेली असे कसे?

उत्तर : फौजदारी खटल्यांतून ती गेली. पारशी विवाह व घटस्फोटाच्या १९३६ च्या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात पारशी वैवाहिक न्यायालय बसते आणि तेथे न्यायाधीशांसोबत समाजातील पाच प्रतिनिधी असतात. १९८८ च्या दुरुस्तीपूर्वी ते सात असत. त्यांना ज्युरर न म्हणता प्रतिनिधीच म्हणतात, पण वस्तुस्थितीचे प्रश्न त्यांच्या बहुमताने सुटतात. एखादा प्रतिनिधी सर्व तारखांना येऊ शकला नाही तर दावा पहिल्यापासून चालवत नाहीत. जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहिले, त्यांच्याच बहुमताने निर्णय होतो.